दूध न प्यालेल्या सुनेस लस मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान संशोधन अधिकारी साहेब,
पिसाळरोग शाखा, सरकारी प्रयोगशाळा,
नागपूर.

अर्जदार : उत्तमराव तुकाराम गिऱ्हे, धंदा बागाईत, राहणार मौजे चिंचपाटी, नजीक मेडशी, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, वऱ्हाड.

विषय : सून नामे पंचफुला हिच्या अर्धवट राहिलेल्या सुया पुऱ्या करून मिळणेबाबत, तसेच तिने आपल्या तान्ह्या मुलीस अंगावर पाजावे किंवा कसे, याचा खुलासा आजच मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी लसीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केलेली तार. (२) म्हशीच्या मेंदूची बाटली वाटेत फुटल्याबद्दल आपल्या कचेरीकडून आलेले कार्ड.

महोदय,

अर्जदार विनंतीपूर्वक खालील हकीकत सादर करतो, ती कृपा करून शेवटपर्यंत वाचण्यात यावी.

१. अर्जदाराचा मेडशीच्या वाटेवर विहिरीखालचा लहान मळा असून त्यात वांगी, मेथी, मुळा, गाजर पिकवून तो माल आम्ही मेडशी व जऊळक्याच्या बाजारात विकतो. घरात माझी बायको गोजराबाई, मुलगा बापूराव, सून पंचफुला आणि तिची तान्ही मुलगी जिजा अशी माणसे आहेत. दाराशी एक म्हैस होती व तिच्याखाली एक वगार, म्हणजे तिची तान्ही पारडी, आहे. म्हशीचे दूध घरात राहत नसे. ते सर्व गावातील किराणा दुकानदार शिखरचंद शेठजी, चहाचे दुकान आणि दोनचार बड्या घरी रतीबाने जात असे. सून पहाटे उठून बाजाराला जाणारी. ती चहा पिते तो काळा. ही गोष्ट हुजुरांस क्षुल्लक वाटेल, परंतु पुढील सर्व घोटाळा हिच्यातूनच उत्पन्न झाला आहे.

२. पोळा झाल्यावर एके सकाळी ज्वारीतून एक कोल्हा निघाला आणि बांधावर चरणाऱ्या म्हशीच्या नाकपुडीला डसला. बापूरावाने त्याला काठीने हाणून पळविले. कोल्हा दिवसाढवळ्या माणसाला न भिता आला, याचे आम्हांस नवल वाटले, पण त्यापलीकडे काही सुचले नाही. म्हशीच्या नाकावर गोजराबाईने चुना-हळद भरली, जखम वाळली, आणि आम्ही विसरून गेलो.

३. दिवाळीनंतर म्हशीने वैरण टाकली. तोंडातून लाळेची तार लागली. पाण्याकडे जाई, तोंड लावी आणि घोट न घेता मान वर करी. आवाज बसल्यागत घोगरा हंबरडा सारखा चालू. आम्ही बागाईतदार लोक, आमच्या डोळ्यांपुढे गाजरच आले. पंचफुला म्हणाली, "मामाजी, तिच्या घशात गाजर अडकलं दिसते. मी हात घालून काढून टाकतो." बापूरावाने शिंगे धरली, मी वेसण धरली आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला. घशात काहीएक नव्हते. हात बाहेर काढताना म्हशीच्या दाढेने तिचे मनगट खरवडले व रक्त आले. तिने हात रांजणातल्या पाण्याने धुतला आणि मेथीच्या जुड्या बांधायला बसली.

४. दुसऱ्या दिवशी म्हैस खुंट्याला धडका देऊ लागली, तेव्हा मी गुरांच्या डॉक्टरांना बोलावून आणले. ते भले गृहस्थ. त्यांनी लांबूनच पाहिले आणि सर्वांना गोठ्याबाहेर काढले. म्हैस त्यांच्यादेखत पडली व मेली. त्यांनी हातांत रबरी मोजे घालून डोके फोडविले, मेंदूचा तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत घातला आणि पार्सल आपल्याकडे रवाना करण्याची व्यवस्था केली. बाकीचे धूड खोल पुरविले. गाव जमले होते. त्यांना ते म्हणाले, "ही पिसाळलेलीच असावी. ज्याच्या जखमेला हिची लाळ लागली असेल, त्या माणसाने दवाखाना गाठावा. तापवलेल्या दुधाची काळजी करू नका." एवढे बोलून ते दुसऱ्या गावी ढोरांच्या साथीवर गेले, कारण तिकडूनही माणूस आला होता.

५. साहेब, शंभर माणसांच्या गर्दीत दूध हा एकच शब्द लोकांच्या कानात शिरला. लाळ कुणाच्या अंगाला लागली होती? आमच्या. दूध मात्र गावाच्या पोटात होते. तिसऱ्या प्रहरी कोतवालाने दवंडी दिली ती अशी : "पिसाळल्या म्हशीचं दूध ज्याच्या ज्याच्या पोटात गेलं असन, त्यानं दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्या हो." मी त्याच्यामागे धावलो. म्हटले, बाबा, डॉक्टर लाळ म्हणाले होते. तो म्हणाला, "पाटलानं सांगतलं ते मी वाजवलं. तुमी पाटलाले सांगा." पाटील घरी नव्हते. ते सहकुटुंब दवाखान्याच्या वाटेला लागले होते.

पुढे नंबर घालीत नाही. एकात एक इतके गुंतले आहे की कुठे तोडावे हे समजत नाही.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब त्या दिवसांत एका खुनाच्या खटल्यात साक्षीसाठी अकोल्याच्या कोर्टात अडकून पडले होते. दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांच्यापुढे माणसांची रांग. लसीचे खोके एका एका माणसाच्या नावचे असतात, हे मला तिथे कळले. पाटील, त्यांच्या घरची मंडळी, शिखरचंद शेठजी, त्यांच्या पत्नी पानाबाई, चहावाला, त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक, शाळेचे मास्तर, असे सर्व आमच्या पुढे होते. महादेवाचे पुजारीही होते. त्यांनी त्या दुधाने पिंडीला अभिषेक केला होता व तीर्थ म्हणून एक पळी घेतली होती. दोन इसम तर केवळ त्या दुधाचे भांडे विसळले म्हणून आले होते, आणि त्यांनाही परत पाठविले नाही. मी कोणास नावे ठेवीत नाही. जीव सर्वांना प्यारा आहे.

पंचफुलेची पाळी आली. कंपाउंडरांनी विचारले, "म्हशीचं दूध पिली होती काय?"

ती म्हणाली, "नाही जी."

"मंग इथं कायले आली?"

तिने मनगट पुढे केले आणि म्हणाली, "म्या तिच्या तोंडात हात घातला होता. दाढ लागली."

ते म्हणाले, "दवंडी दुधाची आहे. हाताचं माह्याकडं काही आलं नाही. साहेब आल्यावर ये."

मी हात जोडले. मागच्या माणसांनी ओरड केली की बाई खोळंबा करते. रांगेतल्या एकाने तिला हळूच सुचविले की पिलो म्हणून सांग आणि मोकळी हो. मीही तिला बाजूला घेऊन तेच सांगितले. ती म्हणाली, "खरं सांगून घरी जावं अन् खोटं सांगून सुई घ्यावी, हे कसं काय, मामाजी?" पण मी फार विनविले, तेव्हा ती कबूल झाली. आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिलो. तिच्यापुढे चार माणसे उरली असताना खोके संपले.

त्यानंतरचे दिवस अर्जदाराने कसे काढले ते लिहिता येत नाही. मी रोज दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसे. मळ्यातले पाणी बापूराव पाही. वांगी झाडावर निबर झाली, कारण बाजारात आमच्या मालाला कोणी हात लावीना. मेडशीच्या बाजारात एका बाईने पंचफुलेची मेथीची जुडी उचलली, दुसरीने तिच्या कानात काही सांगितले, आणि तिने ती जुडी साप टाकावा तशी टाकली. पंचफुला टोपले डोक्यावर घेऊन परत आली व भाजी बैलांना घातली.

शेवटी डॉक्टरसाहेब अकोल्याहून परतले. मी त्यांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी पंचफुलेचे मनगट पाहिले आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी तेव्हाच जिल्ह्याच्या ठिकाणी तार लावली. उत्तर आले की माल शिल्लक नाही, आल्यावर पाठवू.

त्याच वेळी पानाबाई आपली रोजची सुई घेण्यास आल्या होत्या. त्यांच्या अर्ध्या सुया झाल्या होत्या. त्या बाकावर बसून आमचे बोलणे ऐकत होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारले, "मले खरं सांगा. म्या तापवल्या दुधाचा चहा पिला. मले काही होते काय?"

डॉक्टर म्हणाले, "उकळलेल्या दुधातून हा रोग कोणाला झाल्याचं मी वाचलेलं नाही, पाहिलेलंही नाही."

"मंग माह्या पोटात ह्या सुया काहून टोचून राह्यले?"

पानाबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "माह्या पोटात दूध गेलं, तिच्या हातात दाढ गेली. राह्यल्या त्या सुया तिले द्या."

शिखरचंद शेठजी दारातच उभे होते. ते म्हणाले, "अवो, औषध सरकारी आहे, नावावर लिहून आहे. असं कुणाचं कुणाले देता येते काय? उद्या तुले काही झालं तर?"

पानाबाई म्हणाल्या, "मले काही झालं तर तुमी माह्याजवळ हाय. तिचं लेकरू कडेवर आहे." आणि त्या उठून चालू लागल्या. शेठजींनी डॉक्टरांकडे पाहून होकारार्थी मान हलविली व तेही गेले. पंचफुलेला पहिली सुई त्या दिवशी मिळाली. पानाबाईंना या गोष्टीबद्दल सरकारकडून काही त्रास होऊ नये, अशी अर्जदाराची स्वतंत्र विनंती आहे.

परंतु अर्धा खोका तो अर्धाच. तो संपला. नवीन आलेला नाही. डॉक्टर म्हणाले की मध्ये खंड पडू देणे बरे नाही, आणि तो पडला आहे.

आता जे लिहितो ते जास्त कठीण आहे.

गावात कोणीतरी सांगितले की पिसाळलेले माणूस पाण्याला भिते. तेव्हापासून आमच्या दारी पाणी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. सकाळी तांब्या, दुपारी गडवा, दिवेलागणीला पुन्हा तांब्या. बाया समोर ठेवून म्हणत, "घे वं बाई, घोटभर पाणी पे," आणि दोन पावले मागे सरकून तिच्या गळ्याकडे पाहत. ती पिई. नाही प्यावे तर गावात हाकाटी होई. एकदा तिला ठसका लागला तर अंगण रिकामे झाले. पुढे कोणी येताना दिसले की ती स्वतःच चरवी उचलून गटगट पिई, आणि भांडे पालथे करून दाखवी. रोग्याची परीक्षा करण्याची ही रीत आपल्या शास्त्रात आहे किंवा कसे, हे अर्जदारास माहीत नाही. असल्यास ती निदान सरकारी माणसाने करावी.

याहून वाईट जे, ते जिजाचे. विहिरीवर बोलणे निघाले की म्हशीच्या दुधाने जर गाव धोक्यात येते, तर हिच्या दुधाने लेकरू कसे वाचेल? हे बोल गोजराबाईच्या कानावर आले. ती घरी आली आणि काही न बोलता तिने पोर सुनेच्या मांडीवरून उचलून घेतली. माझी बायको दुष्ट नाही, साहेब. पंचफुला म्हणाली, "आत्याबाई, भुकेली आहे ते." गोजराबाई म्हणाली, "पोरगी भुकेली राहीन, पण जित्ती तरी राहीन." तेव्हापासून पोरीला शेळीचे दूध वातीने पाजतात. ते तिला पचत नाही, ओकून टाकते. आईच्या वासाने रडते, म्हणून आई दुसऱ्या खोलीत. पंचफुलेची छाती दगडासारखी होते. ती गोठ्यामागे जाऊन दूध मातीत पिळून टाकते आणि वरून पायाने माती सारते. हे मी सासऱ्याने लिहू नये, पण दुसरे लिहिणारे कोणी नाही.

डॉक्टरसाहेबांना मी विचारले. ते म्हणाले, "माझ्या मते पाजायला हरकत नाही. पण म्हशीचा तपास लागलेला नाही आणि लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे. नागपूरचे लोक हेच काम रात्रंदिवस करतात. त्यांनी सांगितलेलं तुमच्या घरात कोणी मोडणार नाही." ही गोष्ट खरी आहे. गोजराबाई त्यांचे ऐकेना. तिने एकच धरले की ज्यांनी मेंदू पाहिला ते सांगोत.

आणि मेंदू तर कोणीच पाहिला नाही. आपल्या कचेरीचे कार्ड आले की बाटली फुटून नमुना नासला, सबब तपासणी झाली नाही. त्या दिवशी माझ्या मनात आले की म्हैस उकरून तिचे उरलेले मुंडके पोत्यात घालून आपल्याकडे आणावे. बापूरावाने फावडे लपविले. गुरांच्या डॉक्टरांनीही निरोप पाठविला की असे केल्यास उपयोग नाही, आणखी दोन माणसे मात्र संकटात पडतील.

पण वगार आहे, साहेब. आपणांस प्रयोगासाठी हवी असल्यास ती हाजीर आहे. ती त्या म्हशीच्या सडाला अगदी अखेरच्या दिवसापर्यंत लुचत होती. तिने दूध तापवून घेतले नाही. गावाचे म्हणणे की तिला गोळी घालावी. गुरांच्या डॉक्टरांचे म्हणणे की निराळी बांधा व नजर ठेवा. बापूराव काठी घेऊन तिच्याजवळ बसला आहे, तिच्या भीतीने आणि लोकांच्याही. ती अजून वैरण खाते, पाणी पिते, उड्या मारते. या गोष्टीला काही अर्थ आहे काय, हे जाणण्याची विद्या अर्जदारापाशी नाही. आपल्यापाशी आहे, अशी समजूत आहे.

खोके येईना, कार्ड असे आले, तेव्हा मी आणखी वाट पाहिली नाही. मेडशीच्या नाक्यावर आम्ही चौघे अकोल्याच्या मोटारीत बसलो. मी, गोजराबाई, पंचफुला आणि आजीच्या मांडीवर जिजा. मोटारीतल्या एका बाईने सहज विचारपूस केली व गोजराबाईने भोळेपणाने सांगून टाकले. पुढच्या थांब्याला अर्धी मोटार रिकामी झाली. अकोल्याला नागपूरची आगगाडी धरावी लागते. तिथे फलाटावर नळ होता. पंचफुला त्याखाली ओंजळ धरून बराच वेळ पाणी पीत राहिली. मी म्हटले, पोरी, इतकी तहान लागली होती काय? ती म्हणाली, "नाही, मामाजी. इथं कोनी पाह्यत नाही, म्हणून गोड लागून राह्यलं."

आज सकाळी आम्ही आपल्या कचेरीत पोचलो. आपल्या शिपायाने सांगितले की साहेबांची गाठ लेखी अर्जाशिवाय पडत नाही. सबब समोरच्या दुकानातून कागद आणून हा अर्ज अर्जदार आपल्याच पडवीत बसून लिहीत आहे. अक्षर हलले असल्यास माफी असावी. जिजा मघापासून रडत आहे व तिचे रडणे आत ऐकू जात असावे.

तरी मेहेरबान साहेबांनी, पहिले, पंचफुलेच्या राहिलेल्या सुया आजपासूनच येथे टोचण्याचा हुकूम व्हावा. आम्ही धर्मशाळेत राहू. दुसरे, तिने मुलीला पाजावे किंवा नाही हे एका शब्दाने कळवावे, शिपायाजवळ निरोप दिला तरी चालेल. तिसरे, आमच्या गावी पुन्हा अशी दवंडी देण्याची वेळ आली तर ती डॉक्टराने लिहून द्यावी व कोतवालाने तेवढीच वाजवावी.

मजकूर येथपर्यंत लिहिला असता जे घडले ते नमूद करणे भाग आहे. पंचफुला बाकावरून उठली. तिने गोजराबाईच्या मांडीवरून मुलगी घेतली आणि शिपायाने हात आडवा धरला असता त्याच्या हाताखालून ती आत गेली. मी कागद टाकून मागे धावलो. आत एक पिकल्या मिशांचे गृहस्थ नळीच्या भिंगावर डोळा लावून बसले होते. ते आपणच की आपले मदतनीस, हे अर्जदारास माहीत नाही. पंचफुला त्यांना म्हणाली, "मी पिसाळल्या म्हशीच्या तोंडात हात घातला होता. ह्या पोरीले पाजू की नको, तेवढं सांगा. बाकीचं माहे मामाजी लिहून राह्यले."

त्यांनी तिला बसविले. मनगट पाहिले, डोळे पाहिले, कधी लागले ते विचारले, सुयांचा हिशेब माझ्याकडून घेतला. वगारीबद्दलही विचारले आणि ती मारू नका म्हणाले. नंतर त्यांनी गोजराबाईला दारातून आत बोलावले व तिच्याकडे पाहून सांगितले, "बाई तापलेली नाही, बिघडलेली नाही. तिच्या दुधातून लेकराला काही होत नाही. पाजू द्या तिला." गोजराबाईने विचारले, "तुमी लेखी देता काय जी?" ते म्हणाले, "तुमच्या समोर सांगतो आहे, आजी. आणि अर्ज आत येऊ द्या, म्हणजे सुया लिहून देतो."

पंचफुला आता पडवीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली आहे. गोजराबाई तिच्यामागे पदर ताणून आडोसा धरून उभी आहे. रडणे थांबले आहे.

सबब या अर्जातील दुसरी विनंती रद्द समजावी. पहिली व तिसरी कायम आहे. सुयांचा हुकूम दुपारच्या आत व्हावा, ही प्रार्थना.

आपल्याच दारात बसून वाट पाहणारा,
उत्तमराव तुकाराम गिऱ्हे
(दस्तुर खुद्द)

नागपूर,
ता. १ डिसेंबर १९३७

सोबत :
१. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी.
२. आपल्या कचेरीचे कार्ड.
३. सून पंचफुला, समक्ष. मूल पिऊन होईपर्यंत तिला आत बोलावू नये.